चिपाडी आणि अडीच बादल्या पाणी

अजिनाथतात्यांच्या तोंडून खरं निघालंच तर ते चुकून, आणि निघाल्यावर तात्या स्वतःच दचकायचे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षं परिचर म्हणून काढली. परिचर म्हणजे शेण काढणारा, वासरांचे पाय धरणारा, सुया उकळणारा आणि डॉक्टर जागेवर नसले की डॉक्टरांसारखं खाकरणारा. रिटायर होऊन शेवगावच्या पूर्वेला आपल्या वस्तीवर परत आले तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी आणि चारशे गोष्टी होत्या. पेटीला कुलूप होतं. गोष्टींना नव्हतं.

घोडेगावच्या बाजारात म्हणे एकदा अशी म्हैस आली होती की तिच्या एका शिंगाला टेकून उभ्या राहिलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या शिंगापाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचं तोंड दिसायचं नाही, चहावाला पोचेपर्यंत चहा निवायचा. बहात्तरच्या दुष्काळात, नोकरी लागायच्या आधी, तात्यांनी नुसत्या बैलाच्या घामावर कोथिंबिरीचा एक वाफा काढला होता. थोडी खारट लागायची, एवढंच. आणि केडगावजवळ सर्कशीतली हत्तीण अडली तेव्हा तिला मोकळी करणारे तात्याच. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत शेवटी तात्याच मोकळं करायचे, तात्याच वाचवायचे, आणि मोठे डॉक्टर बाजूला उभे राहून घाम पुसायचे.

लोक ऐकायचे. विश्वास ठेवायची तसदी कुणी घेत नव्हतं, पण कानिफनाथच्या पिठाच्या गिरणीपुढचा ओटा सकाळी नऊनंतर रिकामा दिसला की दळण घेऊन आलेल्या बायका विचारायच्या, "तात्या आजारी हायेत का?"

एप्रिलातल्या त्या सकाळी तात्या आजारी नव्हते. हत्तीण अर्धी अडलेली होती. म्हणजे पिलाची सोंड बाहेर, बाकीचं पिलू आत, आणि तात्या केडगावच्या रस्त्यावर बाह्या सरसावून उभे. कानिफनाथ गिरणीच्या बटणावर बोट ठेवून आ वासून बसला होता. ही गोष्ट त्याने नऊ वेळा ऐकली होती. दर वेळी पिलू वेगळ्या बाजूने यायचं.

तेवढ्यात समोरच्या घरापुढे टेम्पो येऊन थांबला.

घर आसारामचं. आसाराम आणि त्याची बायको पुष्पावती सहा महिने ऊसतोडीला गेले होते. पुष्पावती चार दिवस आधी भांडीकुंडी घेऊन एसटीने आली. आसाराम मागे राहिला, कारण कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, त्यांच्या गाईला कालवड झाली होती आणि तिला टेम्पोने आणायचं होतं. गाय पुढे तापाने गेली. कालवड तेवढी जगली. जन्मली तेव्हा इतकी वाळलेली की पुष्पावती म्हणाली, "ही तर रस काढलेलं चिपाड हाय." तेच नाव पडलं. चिपाडी.

आता चिपाडी साडेपाच महिन्यांची, अंगावर तांबूस लव, कपाळावर पांढरा ठिपका. पुष्पावतीने तिच्यावर मनात सगळं मांडून ठेवलं होतं. अजून दोन-अडीच वर्षं काढायची, चिपाडी व्यायली की दूध डेअरीला घालायचं, आणि कोयता आढ्याला अडकवायचा तो कायमचा. परत उसाच्या फडात पाय ठेवायचा नाही. हे तिने आसारामला एकदाच सांगितलं होतं. वस्तीवर मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, कारण असल्या गोष्टी बाई सांगते त्याहून जास्त तिच्या चालण्यात दिसतात.

टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा केडगावजवळ तुटला होता. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस गाडी रस्त्याच्या कडेला उन्हात उभी. ड्रायव्हरने आसारामला बजावलं होतं, "जनावराला गाडीत पानी पाजू नको, समदी गाडी घान करतंय." आसाराम गरीब माणूस, त्याने ऐकलं. उसाचं वाळलेलं वाढं टाकत राहिला आणि पाणी घरी गेल्यावर दाखवू म्हणाला.

चिपाडी खाली उतरली तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि जीभ नाकापर्यंत फिरत होती.

लांबून आलेल्याला आधी पाणी आणि मग प्रश्न, ही पुष्पावतीची रीत. माणूस असो, जनावर असो. तिने बादली भरून पुढे ठेवली. चिपाडीने तोंड घातलं ते तळ दिसेपर्यंत काढलं नाही.

तात्यांनी ते पाहिलं. त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला काहीतरी लखकन चमकून गेलं. फार जुनं, नको असलेलं काहीतरी. ओट्यावरून उठावं असं वाटलं.

"मंग सोंड बाहीर, फुडं?" कानिफनाथ म्हणाला.

आता सांगा, इथे कोण उठेल? पिलू अडलेलं, ऐकणारा आ वासलेला. तात्या बसून राहिले. हत्तीण मोकळी करू आणि लगेच जाऊ, असं त्यांनी मनात ठरवलं. पिलाचे पुढचे पाय बाहेर आले तेव्हा दुसरी बादली भरली जात होती. पिलू जमिनीवर पडून पहिला श्वास घेऊन तात्यांना सोंडेने नमस्कार करेपर्यंत तिसरी अर्धी झाली होती. चिपाडीने आपणहून तोंड बाजूला केलं. पोट नगाऱ्यासारखं. पुष्पावती तिच्या मानेवरून हात फिरवत हसत होती.

तात्या मनाशी म्हणाले, असू दे, सगळ्याच वासरांना काही होत नाही. आणि घरी जाऊन भाकरी खाल्ली. भाकरी गोड लागली नाही.

अकराच्या सुमाराला पुष्पावतीची हाक सगळ्या वस्तीने ऐकली.

तात्या पोचले तेव्हा चिपाडी गोठ्यात पाय फाकवून उभी होती. डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या, श्वास भात्यासारखा, आणि पायांखालची माती कुणी कुंकवाचं पाणी ओतल्यासारखी लाल.

"लाल मुतली वो," पुष्पावती म्हणाली. तिचा आवाज खाली खाली जात होता. "आत्ता तर धडधाकट हुती."

कानिफनाथ गिरणी चालू ठेवूनच धावत आला होता, भुवयांवर पीठ घेऊन. त्याने एकदा मातीकडे पाहिलं आणि निकाल दिला. "उन्हाळी लागली. दोन दिस उन्हात हुबी हुती, उष्णता लघवीत उतरली. सोपं हाय. धने-जिऱ्याचं गार पानी पाजायचं, जेवढं पेईल तेवढं. आपल्याला लागती तवा आपन काय करतो?"

ते सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. उन्हाळी लागली की पाणी प्यावं, हे त्या मुलखात लंगोटातल्या पोरालाही कळतं. पुष्पावती आत पळाली, धने-जिरे कुटल्याचा आवाज आला, आणि ती बादली घेऊन बाहेर आली. बादलीत हिरवट पाणी हिंदकळत होतं. चिपाडीने पाण्याचा वास घेतला आणि दावणीला हिसका दिला.

"थांब पोरी," तात्या म्हणाले. "एक थेंब पाजू नको."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"पान्यानंच झालंय हे. पान्यानं तिचं रगत फुटलंय."

मग कानिफनाथ हसला. वाईट हसला नाही, नेहमीचंच हसला. "तात्या, ही सकाळची हत्तीन न्हाई. वासरू मरायला टेकलंय."

"मी खरं सांगतोय."

"ते तर तुमी रोजच सांगता!"

खरं सांगायची जिभेला सवय असावी लागते, आणि तात्यांच्या जिभेने तो व्यायाम कधी केला नव्हता. खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण ते बाहेर आणताना हातात धरायला काहीच नव्हतं. ना सोंड, ना शिंग. तेव्हा त्यांनी जड वजनाचा शब्द काढला. जुन्या डॉक्टरांनी एकदा केसपेपरच्या मागे चित्र काढून हे सगळं त्यांना समजावलं होतं आणि त्याला एक नाव सांगितलं होतं. तो शब्द तात्यांना इतका आवडला होता की त्यांनी तो तीस-पस्तीस वर्षं जपून ठेवला होता, योग्य वेळेसाठी. ही तीच वेळ, असं त्यांना वाटलं.

"ह्याला परासरण म्हनत्यात," ते खाकरून म्हणाले. "हिचं परासरण झालंय."

पुष्पावतीच्या हातातली बादली खाली आपटली. "सरण?" ती म्हणाली. "जित्या जनावराच्या तोंडावर सरण म्हनता? तात्या, तुमी वडीलधारे म्हनून आजपतूर ऐकून घेतलं. माझ्या गोठ्यात हुबं राहून सरणाची भाषा?"

"सरण न्हाई गं, परा…"

"परा असू द्या न्हाई तर घरा असू द्या! आसाराम, ह्यास्नी बाहीर न्या."

आसाराम कुणालाच कुठे नेणाऱ्यांतला नव्हता. तो नुसता उभा राहिला. तात्यांनी घाईघाईने सावरायला पाहिलं आणि सावरता सावरता सवय आडवी आली. "अगं, असली सतराशे वासरं मी एका रात्रीत…"

तिथेच ते थांबले. सतराशे हा आकडा गोठ्यात आपल्या पायांनी चालत आल्यासारखा सगळ्यांना दिसला. कानिफनाथने मान हलवली. मघापासून जरा गंभीर होऊन ऐकणाऱ्या दोन बायकाही एकमेकींकडे पाहून पदराआड हसल्या.

तात्यांनी खिशातून मोबाईल काढला. सुनीती मॅडमना, दवाखान्याच्या आत्ताच्या डॉक्टरीणबाईंना, लावला. त्या पलीकडच्या गावात लसीकरणाच्या कॅम्पला गेल्या होत्या. फोन वाजत राहिला आणि आपोआप बंद झाला. दुसऱ्यांदाही तेच. इकडे पुष्पावतीने बादली पुन्हा उचलली होती.

तात्या गोठ्याच्या दारात आडवे झाले. म्हणजे खरोखर खाली बसले, उंबऱ्यावर, दारात अडकलेल्या पोत्यासारखे. मग कुणाकडे न बघता बोलायला लागले, आणि त्यांचा आवाज वेगळा झाला. खाकरणं नाही, हातवारे नाहीत.

"एकोणनव्वद साली घोडेगावकडच्या श्रीमंत नावाच्या मानसानं एक गोऱ्हा आनला हुता. असाच. बाजारातून चालवत आनलेला, दोन दिस पानी न्हाई, मंग घरी आल्यावर हौदावर सोडला. असाच लाल मुतला. डॉक्टर म्हनले, ह्याला चार वाजेपतूर पानी दावायचं न्हाई. मला राखन बसवलं आनि जेवायला गेले. मी बसलो. त्यो गोऱ्हा माझा हात चाटायला लागला. घाम खारट असतोय ना, म्हनून. हंबरायचा आनि चाटायचा, चाटायचा आनि हंबरायचा. मला बघवंना. मी म्हनलो, डॉक्टरांना काय कळतंय, तान्हेल्या जिवाला पानी न्हाई म्हनायचं ही कुठली रीत. घमेलं भरून ठिवलं त्याच्याफुडं. सगळं प्याला."

गिरणीचा रिकामा पट्टा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"घटकाभरात आडवा झाला. पाय झाडले, डोळे फिरवले, आनि गेला. डॉक्टर आल्यावर मी घमेलं पालथं घातलेलं हुतं. म्हनलो, आजारच तसला हुता, सायेब. श्रीमंतला पन तेच सांगितलं. त्यो माझ्या पाया पडला. म्हनला, अजिनाथभाऊ, तुमी लई केलं."

कुणी हसलं नाही. पुष्पावती बादली धरून उभीच होती. तिने तात्यांकडे नीट पाहिलं. लग्न होऊन ती या वस्तीवर आली तेव्हापासून त्यांच्या गोष्टी ऐकत होती. एकीतही तात्या पडले नव्हते, चुकले नव्हते, भ्याले नव्हते.

"ह्यात हत्ती कुठं हाय?" तिने विचारलं.

"न्हाई पोरी. ह्यात नुसता मीच हाय." आणि मग, कुणी न विचारता, "सकाळी तू पयली बादली ठिवलीस तवाच मला आठवलं हुतं. पन माझी गोष्ट रंगात आली हुती."

पुष्पावतीने बादली खाली ठेवली. रागाने नाही, विचारात पडल्यासारखी.

"पन पानी कसं काय मारंल?" ती म्हणाली. "मला समजंल असं सांगा. शब्द नको."

तात्यांना डॉक्टरांचं चित्र आठवत होतं, बारीक बारीक गोल, त्यांच्याभोवती रेघ, आत-बाहेर जाणारे बाण. पण केसपेपर कुठून आणायचा? ते चाचपडत म्हणाले, "रगतात बारीक बारीक पिशव्या असत्यात. डोळ्यानं दिसनार न्हाईत इतक्या. तांबड्या. रगताचा लाल रंग त्यांच्यातच. पिशवीचं कातडं असलं की पान्याला आडकाठी न्हाई, आत जा, बाहीर ये. मिठाला मातुर जाऊ देत न्हाई. ज्या बाजूला मीठ जास्त…"

"त्या बाजूला पानी जातंय," पुष्पावती म्हणाली.

तात्या बघत राहिले.

"कैरीच्या फोडींना मीठ लावून ठिवलं की सकाळपतूर बरणीत पानी सुटतंय," ती म्हणाली, जणू स्वतःशीच. "आपन घातलेलं नसतंय. फोडीतलंच मिठाकडं येतंय आनि फोड सुरकुतती. मंग हितं उलटं झालं."

"व्हय. दोन दिस पानी न्हाई म्हनून सगळं रगत दाट, खारट झालं हुतं. पिशव्यांच्या आतबी खारट. त्यात एकदम अडीच बादल्या आल्या. बाहीरचं रगत पातळ झालं, आत मीठ तसंच."

"मंग पानी आत घुसलं." तिने चिपाडीच्या सुजलेल्या पापण्यांकडे पाहिलं. "भिजत घातलेल्या हरभऱ्यावानी. आनि हरभरा लई फुगला की टरफल फाटतं."

"फाटलं. म्हनून लाल."

पुष्पावतीने धने-जिऱ्याची बादली उचलून कढीपत्त्याच्या बुडाशी ओतून टाकली. कानिफनाथ काहीतरी म्हणायला गेला. "वैनी, जरा इचार…"

"भाऊजी, गिरनी मोकळी फिरतीय तुमची," ती म्हणाली.

कानिफनाथ गेला. पण गिरणी बंद करून परत आला, आणि काही न बोलता भिंतीला टेकून बसला.

पाणी ओतून टाकणं सोपं होतं. त्यानंतरचे चार तास अवघड गेले. चिपाडीने रिकामी बादली चाटली, मग दावण चाटली, मग दगड. हंबरायला लागली तशी थांबेना. भरल्या पोटाच्या जनावराला इतकी तहान का लागावी, हे तिलाही कळत नसणार. मधेच ती झोकांड्या खायची आणि सगळे तिला धरायला उठायचे. रस्त्याने जाणारी एक म्हातारी उभी राहून म्हणाली, "पान्यासाठी टाहो फोडतंय लेकरू आनि ह्ये मुंडावळ्या बांधल्यावानी बसलेत." पुष्पावतीने मान वर केली नाही. तिने पदर कानांवर घट्ट ओढून घेतला होता, पण पदरातून आवाज जायचा राहतो का? तात्यांच्या सांगण्यावरून तिने चिमूटभर खडेमीठ तळहातावर घेतलं, चिपाडीला चाटवलं, आणि हात तसाच तिच्या तोंडापाशी राहू दिला.

आसाराम सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. तो आता म्हणाला, "मी गाडीत पाजलं असतं थोडं थोडं, तर…"

"मी इचारायला पायजे हुतं, किती येळचं तान्हेलं हाय," पुष्पावती म्हणाली.

तात्यांचं मघाशी म्हणून झालं होतं. एकाने पाणी दिलं नाही, एकीने दिलं, एकाने नुसतं बघितलं. तिघांच्यात मिळून ते वासरू उभं होतं. पहिल्या दोघांच्या मनात माया होती, हे तात्यांना दिसत होतं. आपल्या मनात काय होतं? हत्तीचं पिलू. आपल्याही तोंडाला पिशवीच्या कातड्यासारखाच एक पडदा होता, त्यांना वाटलं. पातळ तेवढं सगळं बाहेर सुटायचं आणि खारट तेवढं आत अडून राहायचं. पस्तीस वर्षांत आत किती साठलं असेल, आणि त्याने काय काय फुगवलं असेल!

तीनच्या पुढे सुनीती मॅडम कॅम्प उरकून त्याच रस्त्याने परतताना स्कूटीवरून आल्या. आसारामने रस्त्यावर उभं राहून त्यांना दुरूनच हात केला होता. वाट पाहणं सहन न होऊन तो तासाभरापूर्वीच तिकडे गेला होता. मॅडमनी पापणी ओढून पाहिली, पोटावर चापटी मारली, लाल मातीकडे पाहिलं.

"पाणी किती प्यायली?"

"अडीच बादल्या," तिघेही एकदम म्हणाले.

"त्यानंतर?"

"काहीच न्हाई."

मॅडमनी वर पाहिलं. "खरंच? लाल लघवी दिसली की लोक आणखी पाजतात. ते पाजलं असतं तर मेंदूला सूज चढली असती. आत्ताच थोडी चढलीय, म्हणून झोकांड्या. कुणी सांगितलं बंद करायला?"

कानिफनाथने भिंतीला टेकल्या टेकल्या हनुवटीने तात्यांकडे दाखवलं, आणि अशा तोंडाने, की हे आपण दाखवतोय यावर त्याचाच विश्वास बसत नव्हता.

मॅडमनी मानेच्या शिरेत नेहमीपेक्षा खारट सलाईन लावलं. "आता पाणी पेशींमधून परत बाहेर येईल," त्या बाटली वर धरत म्हणाल्या. "जेवढ्या पेशी फुटल्या त्या गेल्या. बाकीच्या वाचतील. नव्या तयार व्हायला काही आठवडे लागतात, तोवर अशक्त राहील."

"म्हंजी आता मीठ बाहीर घातलं," पुष्पावती म्हणाली. "कैरीवानी."

"कैरीवानी?" मॅडम म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने हसल्या. "हो. अगदी."

पाचच्या सुमाराला चिपाडीने पुन्हा लघवी केली. चौघंही खाली वाकली. लाल होती, पण चहासारखी, सकाळसारखी नाही. तासाभराने आणखी फिकट. झोकांड्या थांबल्या. मॅडमनी जाताना सांगितल्याप्रमाणे पुष्पावतीने तांब्याभर पाण्यात चिमूट मीठ टाकलं आणि पुढे केलं. चिपाडीने ते दोन घोटांत संपवलं आणि तांब्यात तोंड घालून ढुशी दिली.

"बास," पुष्पावती म्हणाली. "आता तासानं." आणि तांब्या पाठीमागे लपवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तांब्या पुढे आला नाही.

तात्या उठले. सकाळपासून उंबऱ्यावर बसून गुडघे धरले होते. पुष्पावतीने आसारामला चहा ठेवायला सांगितलं आणि तात्यांना थांबवलं नाही. फक्त ते दारातून वळताना म्हणाली, "तात्या, तो श्रीमंत. हाय का अजून?"

"हाय. बाजारात दिसतो कधीमधी. ऐंशीच्या फुडं गेला असंल."

"त्याला सांगितलं का?"

तात्या पायाने चप्पल चाचपायला लागले.

"तो तुमच्या पाया पडला हुता," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की असा माणूस, असं ओझं घेऊन, इतकी वर्षं ओट्यावर बसून हसवतो कसा.

"म्हातारा झालाय," तात्या म्हणाले. "इसरला असंल."

"तुमी इसरलात का?"

चिपाडी मागे हंबरली, तासाभराचा हिशेब मान्य नसल्यासारखी. तात्या म्हणाले, "उद्या घोडेगावला पोचायला सकाळची गाडी किती वाजता हाय रं, आसाराम?"

"साडेसातला शेवगावातून."

तात्या घराकडे निघाले. श्रीमंतपुढे उभं राहून काय म्हणायचं ते चालता चालता म्हणून बघायला लागले. पहिल्यांदा म्हटलं ते बरोबर होतं: एक गोऱ्हा, एक घमेलं, मी. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा घमेल्याची घागर झाली आणि बाहेर वादळ सुटलं. तिसऱ्यांदा गोऱ्ह्याचा चांगला सहा वर्षांचा बैल झाला होता, आणि त्याला वाचवायला डॉक्टर नगरहून विमानाने येत होते.

तात्या रस्त्याच्या मधोमध थांबले. त्यांनी विमान परत पाठवलं. वादळ थांबवलं. बैलाला धरून, हळूहळू, पुन्हा गोऱ्हा केलं. त्याला बराच वेळ लागला. मग घमेलं त्याच्यापुढे ठेवलं, स्वतःच्या हातांनी, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.